एका श्वासापुरतं यंत्र

आदरणीय साडूभाऊ,

नमस्कार. (वाकून केला आहे. पत्रात वाकलेलं दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.) तुमची तब्येत, ताईंचे गुडघे, दवाखान्यावरची नवी पाटी आणि ताईंचा माझ्यावरचा राग, या चौघांची खुशाली कळवावी. आमच्याकडे सगळं ठणठणीत. तुमची धाकटी मेव्हणी अजूनही सगळ्यांच्या आधी उठून बेकरीत हजर होते, पिठाच्या मोठमोठ्या गोळ्यांना धोपटून काढते, एकला घरी येते आणि जेवून चारपर्यंत झोपते. मी खालच्या दुकानात घड्याळं उघडतो, आणि त्यातली बरीचशी पुन्हा बंदही करतो. ताई का रागावल्या ते मला ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं, मी फोनवर नुसतं "हो हो, अगदी बरोबर" म्हणतो आणि ठेवून देतो; मागे एकदा त्या पडल्याचं सांगत होत्या तेव्हाही मी "वा, छान" म्हणालो म्हणे. त्यांना माझ्यातर्फे सांगा की माझ्या मनात तसं काही नव्हतं. अहो, या फोनवाल्यांनी अलीकडे माणसांचे आवाज इतके पातळ करून ठेवलेत की पलीकडून माणूस बोलतोय का कपडे झटकतोय, काही कळत नाही. आणि फोनचंच कशाला, हल्ली सगळेच पुटपुटतात. गिऱ्हाईकं पुटपुटतात, बसचा कंडक्टर पुटपुटतो. पूर्वीच्या लोकांना तोंड उघडून बोलायची लाज वाटत नसे. त्यापेक्षा पत्र बरं. कागद पुटपुटत नाही.

आता मूळ मुद्दा. मी घरात गाणी ऐकायचं नवं यंत्र घ्यायला निघालो आहे. (हे वाचून ताई म्हणतील, "या वयात?" त्यांना म्हणावं, हो, याच वयात.) कारण अर्थातच ती तबकडी. तुम्हाला ती माहीत आहे. माहीत नाही असा माणूस आमच्या गल्लीत उरलेला नाही; पाण्याचं मीटर वाचायला आलेल्या माणसालाही मी ती बसवून ऐकवली आहे. तरी पुन्हा सांगतो, कारण सांगायला मला आवडतं. लग्नाआधी तुमची मेव्हणी छापखान्यात कामाला होती आणि तिथल्या बायकांच्या समूहगान मंडळात गायची. चौदा बायका. त्यांच्या एका गाण्याची तबकडी निघाली. त्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात एक लांबलचक ओळ आहे, ती संपली की चौदाही जणींनी एकदम श्वास घ्यायचा, असं ठरलेलं. पण एकीचा दम आधी संपतो. ओळ अजून हवेत आहे, आणि मध्येच एक छोटासा, घाईघाईचा श्वास. जेमतेम एवढासा. आमची नुकती ओळख झाली होती तेव्हा तिनं मला ती तबकडी ऐकवली, आणि मी त्या जागी बोट वर करून म्हणालो, "हा तुझा." ती हसली आणि खाली बघायला लागली. चौदा बायकांतून एकीचा श्वास ओळखणारा नवरा मिळतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? झालं लग्न.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी ती तबकडी लागते. ही समोरच्या खुर्चीत विणत बसते, मी यंत्राजवळ, आणि ती जागा आली की माझं बोट वर. लग्नाच्या वाढदिवसाला तर सगळ्या मंडळींसमोर. पुढच्या महिन्यात तीस वर्षं होतील, तुम्ही दोघं येणार आहातच. दहा वर्षांपूर्वी अशाच वाढदिवसाला तुम्ही म्हणाला होतात की घड्याळजींनी वर्षातून एकदा कान तपासून घ्यावेत, आणि मी चारचौघांत तुम्हाला "कानकोरणे डॉक्टर" म्हणालो होतो. लोक हसले होते. तुम्हीही हसलात, हा तुमचा मोठेपणा. मी म्हटलं होतं, चौदा जणींतून एक श्वास वेगळा काढणाऱ्या कानांना तुमच्या बॅटरीची गरज नाही. आठवतंय ना? मला तर हल्ली फारच आठवतं.

तर झालं असं. सहा महिन्यांपूर्वी बेकरीत हिची पाळी बदलली आणि ही दुपारी झोपायला लागली. मी जेवून तासभर दुकान बंद ठेवतो. घर शांत, म्हटलं तबकडी लावावी, पण हिची झोप मोडायला नको म्हणून आवाज अगदी हळू ठेवला. दुसरं कडवं आलं, लांब ओळ आली, गेली. श्वास नाही! पुन्हा लावली. नाही. रविवारी मोठ्या आवाजात लावली तर जागच्या जागी, बोट आपोआप वर. सोमवारी दुपारी हळू लावली, पुन्हा गायब. असं महिनाभर चाललं. आता मी पडलो घड्याळजी. एखादं घड्याळ उभं ठेवलं की चालतं आणि आडवं केलं की थांबतं, तर दोष कुठे शोधायचा हे मला कोणी शिकवायला नको. मी तिथल्या तिथे निदान केलं: आमचं जुनं यंत्र मोठ्या आवाजात नीट गातं, पण आवाज हळू केला की बारीकसारीक ते गिळून टाकतं. तेव्हा हळू आवाजातही बारीकसारीक ऐकवणारं यंत्र शोधायचं. साडूभाऊ, तुम्ही म्हणाल, एका श्वासासाठी एवढा खटाटोप? अहो, त्या श्वासावर तर माझा संसार उभा आहे.

पहिल्यांदा मी त्या नव्या काचेच्या दुकानात गेलो. तिथल्या टायवाल्यानं मला सोफ्यावर बसवलं आणि असा काही आवाज सोडला की माझ्या खिशातलं दुरुस्तीचं घड्याळ आपोआप चालू झालं. (दोन आठवडे मी त्याच्याशी झटत होतो. त्या गिऱ्हाईकाला मी हे सांगितलेलं नाही.) मी म्हटलं, हळू करा. त्यानं थोडं हळू केलं. मी म्हटलं, आणखी. असं करत करत आम्ही जिथे पोचलो तिथे तो बिचारा काळजीत पडला आणि त्यानं विचारलं की आजोबा, ऐकायचंच नाही तर घ्यायचं कशाला? आजोबा म्हणाला म्हणून मी उठलो. मग आमचे ते दाताचे डॉक्टर आहेत, ज्यांच्या लंबकाच्या घड्याळाला मी दर वर्षी तेलपाणी करतो, त्यांच्याकडे गेलो. त्यांची यंत्रं म्हणजे कपाटं. वायरी जमिनीला लागू नयेत म्हणून छोट्या छोट्या लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या. तबकडी लावली की खोलीत कोणी हलायचं नाही, खोकायचं नाही, आणि मधूनमधून ते माझ्याकडे वळून "जाणवलं?" असं विचारायचे. त्यांच्या खुर्चीत बसून आजवर कोणी त्यांना नाही म्हटलेलं नसावं. मीही म्हटलं नाही. पण मी नेलेली तबकडी लावली तर श्वास तिथेही नव्हता.

आणि मग मला मास्तर भेटले. साडूभाऊ, आयुष्यात मी फार थोड्या माणसांपुढे हात जोडले असतील, पण या माणसापुढे जोडावेसे वाटले. जुन्या बाजारामागे त्यांचं दुकान आहे, दोन माणसं समोरासमोर उभी राहिली की भरलं. पूर्वी ते सिनेमागृहात पडद्यामागचे भोंगे सांभाळायचे. त्यांना विकण्याची अजिबात घाई नाही. मी माझं दुखणं सांगितलं तर त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि आधी अर्धा तास नुसतं समजावलं. (फारच हळू बोलतात, पण ओठ छान हलवतात, त्यामुळे मला शब्दन् शब्द कळला.) म्हणाले, आवाज हळू केला की माणसाच्या कानातून आधी तळाचा जाड आवाज निसटतो, मग वरचा बारीक. मधलं तेवढं उरतं. म्हणून जुन्या यंत्रांवर एक बटण असायचं, तळ आणि शेंडा थोडा उचलून देणारं. हळू आवाजात ते लावायचं, मोठ्या आवाजात काढायचं. दुसरं, ज्यातून आवाज येतो ते खोके भिंतीला चिकटवायचे नाहीत आणि खोलीच्या त्या टोकाला बसून ऐकायचं नाही. जवळ बसायचं, हात लांब केला तर खोक्याला लागेल इतकं. तिसरं, मोठं दांडगं यंत्र नकोच, त्याची स्वतःचीच सुरसुर बारीक आवाज झाकून टाकते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खोली. खोली गप्प नसेल तर जगातलं कुठलंही यंत्र हळू आवाजात काही ऐकवू शकत नाही. म्हणाले, मी खोली बघितल्याशिवाय यंत्र देत नाही. आता सांगा, असा दुकानदार तुम्ही कुठे पाहिलाय? आम्ही घड्याळजीसुद्धा मनगट बघितल्याशिवाय पट्टा देतो!

मंगळवारी दुपारी मास्तर दोन छोटे खोके आणि एक जुनं यंत्र पिशवीत घालून आमच्या घरी आले. ही आत झोपलेली. मी दारातच तोंडावर बोट ठेवलं, त्यांनी लगेच चपला हातात घेतल्या. जवळजवळ वीस मिनिटं त्यांनी खोके मांडले, स्वतःबरोबर आणलेली एक तबकडी लावून पाहिली, पुन्हा सरकवले, पडदा ओढला, फ्रिजचं बटण बंद केलं. काम करताना त्यांचे हात बघत राहावेत. खोका बोटभर सरकवायचे, मागे व्हायचे, चष्मा काढून डोळे मिटायचे, मग पुन्हा बोटभर. आमच्या धंद्यात केसासारखी स्प्रिंग बसवताना जशी चिमटी लागते तशी त्यांची चिमटी आहे. मग ते मध्येच थांबले आणि भिंतीकडे बघून कपाळाला हात लावला. भिंतीवर माझी घड्याळं. दुरुस्त केलेली, देखरेखीखाली ठेवलेली, अकरा. मास्तर माझ्याकडे असे काही बघायला लागले की या माणसाचं करावं काय. खुणेनं म्हणाले, ही आधी थांबवा. मी एकेकाचा लंबक धरून थांबवला, अकराही. शेवटचं थांबलं तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून "आहाहा" केलं. मला, खरं सांगायचं तर, खोलीत काही बदल झाल्यासारखं वाटलं नाही. पण जाणकार माणूस आनंदात असताना आपण मध्ये तोंड घालू नये, म्हणून मीही मान डोलावली.

एवढ्यात आतलं दार धाडकन उघडलं आणि तुमची मेव्हणी केस सुटलेले, पदर हातात, धावत बाहेर. "काय झालं? घड्याळं का थांबली?" म्हणजे बघा! वीस मिनिटं गाणं चाललं होतं, खोके सरकत होते, त्यानं हिची झोप मोडली नाही. मोडली कशानं, तर शांततेनं. मास्तरांनी तिला वाकून नमस्कार केला आणि म्हणाले की घरात ऐकणारं माणूस कोण आहे ते आता कळलं. (मला वाटतं ते माझ्याबद्दलच बोलत होते, पण बघत तिच्याकडे होते.) ही चहा टाकायला आत गेली. मास्तरांनी आता आमची तबकडी लावली. आवाज इतका हळू की मला फक्त तबकडी फिरताना दिसत होती. अंदाजानं पहिलं कडवं गेलं, दुसरं आलं, आणि अहो, मास्तरांचं बोट वर! पहिल्याच ऐकण्यात! म्हणाले, इथे एका बाईंनी आधीच श्वास घेतला.  तीस वर्षं जो माझा एकट्याचा होता तो या माणसाला पहिल्याच फेरीत सापडला, आणि मला नाही. पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा त्यांचं बोट वर. मला काही नाही.

तेव्हा मी काय केलं, हसू नका. आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. घड्याळात खोल कुठेतरी काही अडतंय आणि कळत नाही, की स्क्रूड्रायव्हरची मूठ दातात धरायची आणि टोक घड्याळाच्या पत्र्यावर टेकवायचं. आवाज दातातून जबड्यात, जबड्यातून डोक्यात. हल्ली मी जवळजवळ प्रत्येक घड्याळ असंच बघतो, कारण आजकाल घड्याळंही पुटपुटतात. तर मी खालून मोठा स्क्रूड्रायव्हर आणला, मूठ दातात, टोक खोक्यावर, आणि मास्तरांना खूण केली. दुसरं कडवं. लांब ओळ. आणि आला! अहो, आला! तोच, तसाच, एवढासा, घाईघाईचा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि तोंडात स्क्रूड्रायव्हर असल्यामुळे धड रडताही येईना. ही चहा घेऊन आली तेव्हा मी या अवस्थेत होतो. तिनं कप खाली ठेवला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेली.

यावरून मी जो निष्कर्ष काढला तो तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला पटेल. खोके उत्तम आहेत. यंत्र उत्तम आहे. दात उत्तम आहेत. म्हणजे खोका आणि मी यांच्या मधलं जे आहे त्यात दोष, आणि मध्ये आहे काय, तर हवा. आमच्या गल्लीतली हवा अलीकडे फार जड झाली आहे. मी हे मास्तरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग खिशातून कागद काढून त्यावर एक ओळ लिहिली, घडी करून माझ्या हातात दिली, आणि खोके आमच्याकडेच ठेवून चपला हातात घेऊन गेले. चिठ्ठीत काय होतं ते इथे महत्त्वाचं नाही.

बाकी सर्व क्षेम. ताईंना नमस्कार, गुडघ्यांना विश्रांती.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. तुमचा दवाखाना गुरुवारी दुपारी उघडा असतो का? सहज विचारलं. माझ्या एका गिऱ्हाईकाला यायचंय. साठीचा आहे, माणूस चांगला, जरा हट्टी. त्याला मागच्या दारानं घेता आलं तर बरं.

ता. क. दुसरा. पत्र शनिवारी लिहून ठेवलं होतं, आज सोमवार. काल सकाळी नेहमीसारखी तबकडी लावली, मोठ्या आवाजात. दुसऱ्या कडव्याला मला काय वाटलं कोण जाणे, मी डोळे मिटले. साडूभाऊ, ओळ आली आणि गेली. काहीच नाही. पुन्हा लावली आणि डोळे उघडे ठेवले. समोर हिच्या सुया थांबल्या, खांदे किंचित वर झाले, आणि माझं बोट वर. म्हणजे मी ऐकत नव्हतोच, बघत होतो. कधीपासून, ते मलाच माहीत नाही. मास्तरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, "यंत्र मिळेल, आधी कान दाखवा." ते गिऱ्हाईक मीच आहे, हे तुम्ही ओळखलं असेलच. कानकोरणे म्हणालो ते शब्द परत घेतो, हवं तर चारचौघांत घेतो. मला भीती वाटते हो. धंद्याचं बघता येईल, दात अजून शाबूत आहेत. पण वाढदिवसाच्या आत मला तो श्वास परत ऐकू यायला हवा, बघायचा नाहीये. आणि एवढं करा, हिला यातलं काही कळू देऊ नका. तिला वाटतं मला ऐकू येतो.

*

भाऊजी, नमस्कार. पाकीट टाकायला माझ्याकडे दिलं होतं. जाड वाटलं म्हणून किती तिकिटं लागतील ते बघायला बेकरीच्या काट्यावर ठेवलं, तर चांगलंच भरलं. एवढं हे कधी कोणाला लिहीत नाहीत, म्हणून उघडलं, रागावू नका. गुरुवारी तीन वाजता मीच यांना घेऊन येते, पुढच्या दारानं. ताईशी फोनवर बोलून वेळ ठरवली आहे. तिचा राग मागेच गेलाय, ती पडल्यावर "वा, छान" म्हणाले तेव्हाच आम्ही दोघी समजलो होतो.

एक गोष्ट मात्र यांना सांगायची नाही. तो श्वास माझा नाही. माझ्या डावीकडे जी बाई उभी राहायची, पाकिटं चिकटवायची, तिचा तो. तेव्हाच सांगणार होते, पण बोट वर करून यांचा चेहरा असा काही उजळला होता की मला हसू आलं आणि सांगायचं राहिलं. मग यांचं बोट खोटं पडू नये म्हणून दर रविवारी त्या जागेला मीच श्वास घ्यायला लागले. तीस वर्षं घेतेय, आता तो माझाच झालाय. तेव्हा भाऊजी, कान असे दुरुस्त करून द्या की यांना तो ऐकू येईल, पण कोणाचा आहे ते ओळखू येणार नाही.